काचेच्या दाराखालचं पाणी आणि आमचे एक लाख नऊ हजार

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. घरामागे आगर आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यात निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या आणि माड मुळासकट उपटले गेले. नवी पोफळ लावली तरी सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर घर चालायला हवं, म्हणून कर्ज काढून घराच्या बाजूला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. या दोन खोल्यांवर आमचं किती अवलंबून होतं ते कळावं म्हणून हे आधी सांगितलं.

हल्लीच्या पाहुण्यांना न्हाणीघर कोरडं लागतं. आंघोळीची जागा वेगळी, कमोडची वेगळी, मध्ये काच. २०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीचा हंगाम तोंडावर असताना, शहरातला एक माणूस आमच्या पट्ट्यात फिरत होता. दोन-तीन ठिकाणी कामं केल्याचे फोटो त्याच्याकडे होते. बोलायला गोड, वागायला नम्र, सासूबाईंच्या पाया पडला. दोन्ही खोल्यांना बिनचौकटीचं काचेचं दार आणि शेजारी स्थिर काच असं ९६,००० रुपयांत ठरलं. दहा मिमीची टफन (तापवून मजबूत केलेली) काच, ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या, आणि त्याचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात: “वहिनी, दहा वर्षं एक थेंब बाहेर येणार नाही.” सत्तर हजार आगाऊ घेतले, उरलेले सव्वीस काम झाल्यावर.

दिवाळीत पहिलं कुटुंब उतरलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यातल्या आजी न्हाणीघरातून बाहेर येताना घसरल्या. दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचल्या. आत जाऊन पाहिलं तर काचेच्या दाराखालून पाणी येऊन कोरड्या भागात पसरलं होतं. त्या आजींचा पांढरा पडलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

फोन केला. “फ्रेमलेसमध्ये थोडं पाणी येतंच, वहिनी.”

हे वाक्य खरं आहे. बिनचौकटीच्या दाराला चहूबाजूंनी फट ठेवावीच लागते, नाहीतर दार फिरणार नाही. त्यामुळे ते डब्याच्या झाकणासारखं बंद होत नाही. पण प्रामाणिक कारागीर हे पैसे घेण्याआधी सांगतो. आम्हाला आधी “एक थेंब नाही” सांगितलं गेलं आणि पैसे पोचल्यावर “थोडं येतंच”. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

तो आला आणि म्हणाला, दाराखालचं सील, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, साधं आहे, इंपोर्टेड टाकू. एका दाराचे १,८०० प्रमाणे ३,६०० घेतले. दोन आठवड्यांत ते सील दाराखालून निसटून लोंबायला लागलं. परत दाबून बसवायचं, परत निसटायचं. एकदा पाहुण्यांच्या मुलाच्या पायात अडकलं. जानेवारीत तो पुन्हा आला आणि उंबऱ्याच्या बाहेरच्या कडेला सिलिकॉनचा जाड बांध घातला, वर कसलंतरी “पाणीबंद केमिकल” फासलं. त्याचे ९,५००. आठ दिवस फरशी कोरडी राहिली. आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे.

मार्चपर्यंत न्हाणीघराच्या लाकडी चौकटीचा खालचा वीतभर भाग फुगून काळा पडला आणि कुबट वास यायला लागला. आता त्याचं म्हणणं असं, की तुमच्या गवंड्यानं वॉटरप्रूफिंग नीट केलेलं नाही, दोन्ही न्हाणीघरांची फरशी फोडावी लागेल, ४८,००० होतील, निम्मे आगाऊ द्या.

हे पैसे आम्ही दिले नाहीत, आणि त्याचं श्रेय आमच्या गवंडीकाकांना. ज्यांच्यावर ठपका ठेवला होता तेच हे. मी संकोचतच त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणसळ, मोजायची लोखंडी पट्टी आणि नातवाची एक गोटी घेऊन आले. “फोडायची घाई करू नको वयनी, पाणी कुठून येतं ते आधी पाणीच सांगेल,” म्हणाले.

पुढच्या दोन दिवसांत जे पाहिलं ते तपशिलानं लिहिते, कारण हे कुणालाही घरी करून पाहता येतं.

आधी सगळं पुसून कोरडं केलं. मग पाणी वाहून जातं त्या नहाणी ट्रॅपच्या जाळीला बोळा लावून आंघोळीच्या भागात दोन बोटं पाणी साठवलं आणि खूण करून रात्रभर ठेवलं. पाणी उंबऱ्याच्या खालीच राहील एवढंच. सकाळी खूण जवळपास तिथेच होती आणि चौकट आणखी ओली झाली नव्हती. म्हणजे फरशीखालचं वॉटरप्रूफिंग ठीक होतं. ४८,००० चं काम मुळात नव्हतंच.

मग काकांनी उंबऱ्यावर, म्हणजे दाराखालच्या चार इंची ग्रॅनाइट पट्टीवर, गोटी ठेवली. ती आत न जाता बाहेरच्या बाजूला घरंगळली आणि सिलिकॉनच्या बांधाला जाऊन टेकली. पाणसळ ठेवली तर बाहेरची कड जवळपास तीन मिमी खाली! ही पट्टी काकांनी बसवलेली नव्हती. काचवाल्यानं “आमची पट्टी वेगळी असते” म्हणून स्वतःच्या माणसाकडून बसवून घेतली होती. उंबऱ्याला ढाळ आत हवा, दारावरून ओघळलेलं पाणी जाळीकडे परत जायला हवं. इथे प्रत्येक आंघोळीचं पाणी उंबऱ्यावर पडून बाहेर निघत होतं, आणि जानेवारीत घातलेल्या बांधामुळे ते अडून पट्टीच्या सांध्यातून खाली झिरपत चौकटीत जात होतं. बांधानं गळती थांबवली नव्हती, नजरेआड केली होती. चौकट त्यानं कुजली.

त्यात पट्टी लांबीतही वाकडी होती. दाराखालची फट बिजागरीच्या बाजूला नऊ मिमी, मुठीच्या बाजूला सोळा. इतक्या फरकात कुठलंच सील दोन्हीकडे टेकणार नाही.

आता सीलबद्दल. दाराखालची ती पारदर्शक पट्टी जवळून बघा. वरचा भाग काचेच्या कडेला चिमट्यासारखा धरतो. खाली एक मऊ जीभ उंबऱ्याला जेमतेम टेकते. आणि एका अंगाला एक तिरकी पाकळी असते. काचेवरून खाली ओघळणारं पाणी या पाकळीवर येतं आणि आत फेकलं जातं. म्हणून पाकळी आंघोळीच्या बाजूला हवी. आमच्या दोन्ही दारांना ती बाहेरच्या बाजूला लावलेली होती! काकांनी लोटाभर पाणी काचेच्या आतल्या अंगावर वरून सोडलं, आणि खाली ते उंबऱ्याच्या मधोमध टपटपताना आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पट्टी काढून उलटी लावायची, एवढंच काम होतं ते. त्यासाठी कुणी ३,६०० घेतले नसते.

पण ती निसटत का होती? पट्टीच्या टोकाला बारीक अक्षरात “१० मिमी” असा छाप होता. काकांनी लोखंडी पट्टी दाराच्या उघड्या कडेला लावली आणि मला जवळ बोलावून म्हणाले, “हे वाच.” काच आठ मिमीची होती. दहाच्या काचेचं सील आठच्या काचेवर सैल बसणारच. इतके महिने त्या लोंबणाऱ्या पट्टीला मी नावं ठेवत होते, आणि खरं काय ते तीच सांगत होती.

खात्रीसाठी एक दार उतरवलं. दोन माणसांनी, चादरीवर आडवं धरून, बिजागऱ्या सोडवून. सुपारीच्या काट्यावर ठेवलं. काचेचं वजन सोपं असतं: एक चौरस मीटर, एक मिमी जाड काच अडीच किलो. आमचं दार ७० सेंटीमीटर बाय २ मीटर, म्हणजे १.४ चौरस मीटर. दहा मिमी असतं तर ३५ किलो भरलं असतं. काटा अठ्ठावीसच्या जरा अलीकडे थांबला.

आठ मिमीची काच वाईट नसते, दारांना ती वापरतातही. पण आम्ही दहाचे पैसे मोजले होते. शिवाय काचेच्या कोपऱ्यात जो कायमचा छाप असायला हवा, भारतीय मानक आयएस २५५३ चा, तो कुठेच नव्हता. काच टफन तरी आहे का, या विचारानं मी हादरले, कारण साधी काच फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे होतात आणि आत माणूस उघड्या अंगानं उभा असतो. दापोलीतल्या एका काचवाल्यानं पोलराइज्ड गॉगल लावून, तिरप्या उजेडात पाहून सांगितलं की टफन काचेत दिसतात तसे डाग आत दिसताहेत, काच टफन केलेली आहे. त्या दिवशी जरा झोप लागली.

बिजागऱ्यांचं थोडक्यात. काम घेताना त्यानं चुंबक लावून दाखवलं होतं, “बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४.” हा पुरावाच नाही. स्वस्तातलं २०२ स्टीलसुद्धा चुंबकाला सहसा धरत नाही, जस्ताच्या मिश्रधातूवर चकाकी चढवलेला मालही नाही. आमच्या बिजागऱ्यांची चकाकी एका पावसाळ्याच्या आतच फोडांसारखी उठली, खाली राखाडी धातू दिसला. आणि खरं तर समुद्राला इतकं लागून ३०४ सुद्धा डागाळतं. खाऱ्या हवेला ३१६ हवं, त्यात गंज रोखणारं मॉलिब्डेनम असतं. ते महाग पडतं, पण किनाऱ्यावर घर असेल तर निदान त्याचा भाव विचारा आणि बिलावर तो आकडा लिहून घ्या.

दुरुस्ती काय झाली? काकांनी सगळा सिलिकॉन पात्यानं खरवडून काढला, कारण जुन्यावर नवा सिलिकॉन धरत नाही. उंबऱ्याची पट्टी उखडून आत ढाळ देऊन सरळ बसवली. आठ मिमीचं सील आणलं, पाकळी आत. शॉवरचं तोंड थेट दारावर होतं ते भिंतीकडे वळवलं, त्यानं निम्मं काम झालं असं काका म्हणतात. स्थिर काचेच्या बुडाशी न्यूट्रल (आंबूस वास न येणारा) सिलिकॉन, तोही एकाच अंगाला. दोन्हीकडून बुजवलं तर मध्ये शिरलेल्या पाण्याला वाट राहत नाही आणि काळी बुरशी धरते. आधीच्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. तो संगमरवरासारख्या दगडाला आणि काही धातूंना चालत नाही. एक दिवस पूर्ण सुकू दिलं. दोन्ही न्हाणीघरांचा मिळून खर्च ३,४००. चौकटींचा वेगळा. आताही मोठी आंघोळ झाली की उंबऱ्याबाहेर चार-दोन थेंब दिसतात, पायपुसणं ते टिपून घेतं. पाणी वाहत मात्र नाही.

त्या माणसाचा फोन मेअखेर बंद झाला. त्याचं “बिल” काढून पाहिलं तर वर “एस्टिमेट” लिहिलेलं, काचेची जाडी कुठेच नाही, आणि जीएसटी क्रमांक चौदा अंकाक्षरांचा. खरा क्रमांक पंधरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होतो, आणि तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही टाकून तपासता येतो. दोन मिनिटांचं काम. सत्तर हजार देण्याआधी मी ती दोन मिनिटं दिली नाहीत.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पुढचा मार्ग सांगितला. नंतर ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी संकेतस्थळावरून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, फक्त घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सोबत काय जोडलं ते सांगते: पैसे पाठवल्याच्या बँकेच्या नोंदी, “एक थेंब नाही” म्हणणारा त्याचा व्हॉट्सॲपवरचा आवाज, काट्यावरच्या दाराचा फोटो, आणि लोखंडी पट्टी कडेला लावून काढलेला जाडीचा फोटो. “१० मिमी” छापलेली सीलची पट्टी पिशवीत जपून ठेवली आहे, आयोगापुढे न्यायची आहे.

दापोली, गुहागर, हर्णै, मुरुड या पट्ट्यात त्यानं आणखी घरांत कामं केली आहेत, फोटो त्यानंच दाखवले होते. तुमच्याकडे २०२४ च्या पावसानंतर असं दार बसलं असेल तर आज काचेची जाडी मोजा, कोपऱ्यातला छाप शोधा, पाकळी कुठल्या बाजूला आहे ते बघा. काच किंवा बिजागऱ्या काढून फेकू नका, आणि फरशी फोडायला होकार देण्याआधी एक रात्र पाणी साठवून बघा.