डीमेसेज की जर्नलसीटीएल?

राजारामपुरीतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात लिनक्सचा पीसी ऐन लग्नपत्रिकेच्या कामात गोठायचा. बटण दाबून बंद केला, परत चालू केला आणि डीमेसेज (dmesg, सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी कमांड) बघितलं. काहीच नाही. ते फक्त कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मेमरीतल्या नोंदी दाखवतं. रीबूट झालं की त्या गेल्या. पेनड्राइव्ह लावल्या-लावल्या ओळखला का, एवढं बघायला मात्र तेच झटपट.

जर्नलसीटीएल (journalctl) या दुसऱ्या कमांडमध्ये कर्नलसोबत सर्व्हिसेसच्याही (मागे चालणाऱ्या प्रोग्रॅम्सच्याही) नोंदी असतात, आणि मागच्या बूटच्याही, म्हणजे रीबूटच्या आधीच्याही, मिळतात. फक्त जर्नल (या नोंदींचा साठा) डिस्कवर साठत असलं पाहिजे, हे आधीच तपासून ठेवा. गोठण्याआधीच्या शेवटच्या ओळींत ग्राफिक्स ड्रायव्हरची चूक तिथंच सापडली. नुसतं 'हँग होतंय' वाचून दुरुस्त करणाऱ्याला काय कळणार? म्हणून बग कळवताना त्या ओळी, नेमकी वेळ आणि कर्नलची आवृत्ती जोडली.