विशाखापट्टणमची खोली आणि परताव्याचा ‘कोड’

दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत अर्धं बडोदं बाहेरगावी असतं. शाळांना सुट्टी, दुकानांना कुलपं. त्यामुळे नवरात्र उरकली की दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत घरोघरी बुकिंगची घाई. हॉटेलच्या नावानं लुबाडणाऱ्यांचाही हाच सीझन.

आम्हाला जायचं होतं विशाखापट्टणमला. आईला सिंहाचलमचा नरसिंह, मुलांना आरके बीचवरची कुरसुरा पाणबुडी (2002 पासून तिचं संग्रहालय केलंय), आणि सगळ्यांनाच अरकूच्या डोंगरखोऱ्यात जाणारी गाडी. बीचजवळचं एक हॉटेल नकाशावर सापडलं. फोटो खरे, पत्ता खरा, लोकांचे अभिप्राय खरे. खोटा होता फक्त फोन नंबर. नकाशावर कुणीही ‘दुरुस्ती’ सुचवू शकतं आणि कधीकधी ती खपूनही जाते.

फोनवरचा मुलगा मोठा गोड. आईला गुडघ्यांचा त्रास आहे म्हटल्यावर लिफ्टजवळची खोली त्यानंच सुचवली. अरकूच्या गाडीतल्या व्हिस्टाडोम, म्हणजे काचेच्या छताच्या, डब्याची तिकिटंही ‘कोट्यातून’ काढून देतो म्हणाला. व्हॉट्सअ‍ॅपवर जीएसटी नंबर छापलेली पावती आली. आगाऊ 9,600 रुपये. यूपीआयवर हॉटेलऐवजी कुणा बाईंचं नाव उमटलं, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, ह्या कोण?” विचारलं, तर उत्तर तयार: “मॅनेजरमॅडम आहेत सर. हॉटेलच्या खात्याची आजची लिमिट संपली.”

खरा डाव यानंतरचा. थोड्या वेळानं त्याचाच फोन. रक्कम टॅक्ससकट यायला हवी होती, सिस्टिम घेत नाही, आधीचे पैसे परत करतो. “परताव्याचा कोड घ्या सर, एक-नऊ-चार-आठ-शून्य. रकमेच्या रकान्यात टाका, पिन द्या. फोन ठेवू नका, नाहीतर रिफंड अडकेल.” एकेक आकडा सुटा सुटा सांगण्यातच सगळी कारागिरी आहे. जोडून म्हटलं असतं, तर एकोणीस हजार चारशे ऐंशी रुपये कुणालाही ऐकू आले असते. तेही गेले. पुढचा ‘कोड’ सांगायला लागला, तेव्हा बायकोनं फोन काढून घेतला.

यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक बघताना लागतो. पैसे यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, रक्कम भरावी लागत नाही.

लगेच 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. तिथे व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, वेळ आणि बँक विचारतात. तेवढं हाताशी ठेवूनच फोन लावा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर पळतात. आमची पहिली रक्कम तोवर पुढे सरकली होती. दुसरी गोठवता आली, पण ती हातात पडेपर्यंत बँकेचे आणि पोलिसांचे बरेच हेलपाटे झाले.

हॉटेलचा खरा नंबर मिळाल्यावर रिसेप्शनवरचा माणूस थकल्या आवाजात म्हणाला, “तुम्हाला घरबसल्या तरी कळलं. लोक सामान घेऊन येतात आमच्याकडे.”

खोली घेताना मुक्कामाला पोचल्यावर पैसे देण्याची सोय मागा. आगाऊ द्यायचेच असतील, तर खात्यावर हॉटेलचं नाव दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका, मग समोरच्यानं दिलेलं कारण कितीही पटण्याजोगं असो. आणि अरकूच्या त्या डब्याची तिकिटं आयआरसीटीसीवर नाहीतर रेल्वेच्या खिडकीवर मिळतात. हॉटेलवाल्याकडे असला कोटा नसतो.