जुनी बोलेरो पिकअप: रंग नको, चेसिस बघा
भाजीच्या धंद्याला जुनी बोलेरो पिकअप घेतली, २५२३ सीसीचं डिझेल इंजिन, ओढायला एक नंबर, चढाला लोड असला तरी कुरकुर नाही आणि पार्ट तालुक्याला सहज मिळतात. पण रंगरंगोटीवर जाऊ नका राव, खाली वाकून चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बघा, खत वाहिलेली गाडी असेल तर गंज लागलेला असतोच. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा, भकाभका धूर आला की इंजिनकाम निघणार समजा. आमचे मागचे कमानपाटे (लोड झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेले, मिस्त्रीने मेन पाटा बदलून त्याच्या टोकाचे नवे बुश टाकले, काम चोख, फक्त उद्या-उद्या करत लटकवलं. आठ वर्षांवरच्या अशा मालगाडीला पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी, आणि आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का बघूनच पैसे द्या.