पाच स्टारचा पंचवीस लिटरचा गिझर : शिवाजी पेठेतल्या एका हिवाळ्याचा हिशेब

कोल्हापुरात थंडीसाठी खोली तापवण्याची पद्धत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे रंकाळ्यावर धुके उतरते, गुऱ्हाळे ऐन भरात असतात आणि रात्री वाकळेवर आणखी एक घोंगडे चढते, पण खोलीत हीटर लावून बसलेले घर मी आमच्या पेठेत पाहिलेले नाही. आपल्याकडे थंडीचा खर्च म्हणजे जवळजवळ सगळा आंघोळीच्या पाण्याचा खर्च. म्हणून गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या पंचवीस लिटरच्या, पाच स्टारच्या साठवणीच्या गिझरविषयी लिहिताना तो दिसतो कसा यापेक्षा तो वीज किती खातो आणि ती वीज नेमकी कशात जाते, यावरच मी बहुतेक भर देणार आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझे बरेचसे निष्कर्ष याच जातीच्या कोणत्याही गिझरला लागू पडतील आणि जी तक्रार आहे ती मुख्यतः बसवणाऱ्याची आहे.

त्याआधी आमच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता; तो अजूनही परड्यात आहे आणि नरक चतुर्दशीला पेटतो. रोज पेटवणे मात्र बंद झाले, कारण वखारीतून लाकूड आणणे, ते फोडणे, पावसाळ्यात ते कोरडे ठेवणे आणि पहाटे धुरात डोळे चोळत बसणे हे आता आईला होत नाही आणि आम्हाला जमत नाही. गॅस गिझरचा विचार आम्ही फार वेळ केला नाही. आमच्या न्हाणीला एकच वीतभर झरोका आहे आणि बंद जागेत जळणाऱ्या गॅसमुळे तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही, एवढे कारण पुरेसे होते. सौर बंब खरोखर चांगला; कळंब्याला राहणाऱ्या माझ्या भावाकडे तो आहे आणि जानेवारीच्या निरभ्र उन्हात त्याला दुसरे काही लागत नाही. परंतु आमचे घर कौलारू, शेजारची तीन मजली इमारत दक्षिणेला, त्यामुळे आमच्या छपरावर ना टाकीचे वजन पेलले असते ना पुरेसे ऊन मिळाले असते.

गिझर राजारामपुरीतल्या एका दुकानातून घेतला. मी पंधरा लिटरचा मागितला होता. दुकानदार म्हणाले, "साहेब, पाच माणसं म्हटल्यावर पंचवीसच घ्या, पंधरात भागत नाही." दोन्हींची पाणी तापवणारी कॉइल दोन हजार वॅटचीच होती, हे त्यांनीच सांगितले, त्याचा अर्थ मात्र मला पुढे दोन महिन्यांनी कळला.

आधी बसवण्याविषयी. आलेल्या माणसाने न्हाणीबाहेरच्या जुन्या सहा अँपिअरच्या सॉकेटला अडॅप्टर लावून गिझरचा प्लग खोचला आणि "चालतंय, काही होत नाही" असे सांगून पाइप व तोट्यांचे वेगळे पैसे घेऊन तो निघून गेला. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो, हा साधा भागाकार मीही त्या वेळी केला नाही. चौथ्या दिवशी न्हाणीपाशी प्लास्टिक तापल्याचा वास आला. सॉकेटची पांढरी कड पिवळी पडून किंचित फुगली होती आणि प्लगचा एक पाय काळवंडला होता. ओळखीच्या वायरमनला बोलावून बोर्डापासून जाड वायर, सोळा अँपिअरचे सॉकेट, नीट अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच असे सगळे नव्याने करून घेतले. हा खर्च गिझरच्या किमतीतच धरायला हवा, तो कोणी आधी सांगत नाही. ओल्या हाताने जिथे वावरायचे तिथे ही काटकसर कोणी करू नये.

आता मूळ मुद्दा. पाणी तापवायला लागणाऱ्या विजेचा हिशेब घरबसल्या करता येतो : लिटर गुणिले जितके अंश तापवायचे ते अंश, भागिले ८६०, म्हणजे युनिट. आमच्या घरच्या टाकीतून गिझरमध्ये येणारे गार पाणी जानेवारीच्या सकाळी १९ अंश भरले आणि विसण घालून आंघोळीजोगे झालेले पाणी ४१ अंश. बादली अठरा लिटरची. म्हणजे अठरा गुणिले बावीस भागिले ८६०, एका बादलीला ०.४६ युनिट. गिझर कोणत्याही कंपनीचा असो, स्टार कितीही असोत, एवढी वीज लागणारच. बादलीत टाकायचा रॉड कमी वीज खातो हा समजही यामुळेच चुकीचा ठरतो. रॉड कमी वॅटचा असला तर तो तेवढाच जास्त वेळ चालतो, आणि वर उघड्या पाण्यात वीज सोडल्याचा धोका राहतो तो निराळाच.

हा हिशेब प्रत्यक्षात कितपत जुळतो ते पाहण्यासाठी मी काही दिवस मीटरपाशी उभा राहिलो. आमच्या मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला आहे, म्हणजे त्याचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरात फक्त एक पंखा चालू असेल तर तो दिवा पंधरा सेकंदांनी एकदा डोळा मिचकावतो; गिझर लावला की सेकंदाला जवळजवळ दोनदा. आई मला तिथे घड्याळ घेऊन उभा पाहून म्हणाली, "त्यात जाळ न्हाई, धूर न्हाई, मग बिल कशाचं येतंय रं?" सगळे बादलीने न्हाले त्या दिवशी पाच जणांच्या पाच बादल्यांना हिशेबाने २.३ युनिट यायला हवे होते. मीटरवर ते २.४ ते २.५ भरले. वरची फुटकळ वीज टाकीतून झिरपलेल्या उष्णतेची.

पाच स्टार ज्यासाठी दिलेले असतात ती हीच झिरपणारी उष्णता. साठवणीच्या गिझरचे स्टार पाणी तापवण्याच्या कौशल्यासाठी नसतात, पाणी तापलेले राहण्यासाठी असतात : पाणी भोवतालापेक्षा ४५ अंश जास्त गरम ठेवून चोवीस तासांत किती वीज नुसती टिकवण्यात गेली, हे मोजून ते ठरतात आणि तो आकडा लेबलवर छापलेला असतो. घरातले सगळे दोन दिवस गडहिंग्लजला लग्नाला गेले तेव्हा मी मागे राहून फ्रीज बंद केला, गिझर चालू ठेवला आणि पाण्याला हात लावला नाही. दोन दिवसांत १.१ युनिट गेले. सकाळी नऊला ५५ अंशांवर तापवून बंद केलेले, कोणी न वापरलेले पाणी रात्री नऊलाही ४८ अंश होते. टाकीभोवतीचा उष्णता अडवणाऱ्या फोमचा थर उत्तम आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही आणि या बाबतीत गिझरला पूर्ण गुण द्यावे लागतील.

आता यातून निघणारी गोष्ट मला स्वतःलाच पटायला वेळ लागला. आमच्याकडे गिझरचे बटण बंद करण्यावरून रोज सकाळी वाद होत. मी पाच मिनिटे जास्त चालू राहिला तरी ओरडत असे. प्रत्यक्षात साडेपाच ते नऊ बटण चालूच राहिले, तरी टिकवण्यात जाणारी वीज एका युनिटाच्या दहाव्या हिश्शाइतकीही नाही, कारण पाणी ठरवलेल्या तापमानाला पोचले की थर्मोस्टॅट कॉइलची वीज आपोआप तोडतो. दिवसरात्र चालू ठेवणे मात्र वेगळे. त्यात महिन्याला सोळा-सतरा युनिटे जातात.

मग जानेवारीचे बिल फुगले कशाने? गिझर बसवण्याआधीच्या ऑक्टोबरात आमची ८८ युनिटे होती, जानेवारीत १९४ झाली. युनिटे सव्वादोन पटींच्या आत, पण बिल मात्र अडीच पटींहून जास्त. हे महावितरणच्या टप्प्यांमुळे होते. पहिल्या १०० युनिटांचा दर आणि १०१ ते ३०० पर्यंतचा दर यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. शंभर ओलांडले की सगळीच युनिटे महाग होतात असे पेठेत अनेकजण समजतात, ते खरे नाही. महाग दर फक्त शंभराच्या वरच्या युनिटांना लागतो. पण ज्या घरात दिवे, पंखे, फ्रीज मिळून आधीच नव्वदीच्या घरात वापर असतो, तिथे गिझरची जवळजवळ सगळी युनिटे त्या महाग टप्प्यात पडतात आणि त्यावर १६ टक्के वीजशुल्क बसते. थोडक्यात, गिझरचे युनिट हे घरातले सर्वांत महाग युनिट असते.

आणि त्यातली निम्मी वीज एकटा मुलगा वापरत होता. गिझर आल्यावर त्याने हौसेने शॉवर बसवून घेतला. मी शॉवरखाली बादली ठेवून पाहिले. मिनिटाला नऊ लिटर पाणी येत होते आणि त्याची आंघोळ आठ मिनिटांची. बहात्तर लिटर, म्हणजे आमच्या चार बादल्या, म्हणजे १.८४ युनिट. बाकीचे चौघे मिळून जेवढे पाणी वापरत होते तेवढे तो एकटा. मी भाषण दिले नाही, मीटरपाशी नेऊन तो दिवा दाखवला. फेब्रुवारीत तो शाळेच्या दिवशी बादलीवर आला आणि युनिटे १५० च्या आत आली. रविवारचा शॉवर त्याच्याकडे ठेवला आहे.

थर्मोस्टॅट आम्ही ५५ अंशांवर ठेवला. त्याहून जास्त तापवून पुन्हा विसण घालण्याने आंघोळीला लागणारी वीज वाढत नाही, पण टाकीतून झिरपणारी वाढते आणि कॉइलवर क्षारही लवकर धरतात. आमच्याकडे महापालिकेचे पाणी असल्याने वर्षभरानंतर टाकी उघडली तेव्हा कॉइलवर पांढरट पातळ साय तेवढी होती. बोअरचे पाणी वापरणाऱ्या उपनगरांतल्या लोकांनी मात्र दरवर्षी कॉइल साफ करून घ्यावी. त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा दांडाही पाहावा. टाकीच्या पत्र्याऐवजी गंज स्वतःवर घ्यायला तो असतो आणि आमचा एका वर्षात चांगला करंगळीएवढा बारीक झाला होता. सेवेसाठी आलेल्या मुलाने ही गोष्ट आपणहून दाखवली, हे सांगायला हवे.

बंबाची सवय असलेल्यांना एक गोष्ट आवडेल. बंबात वरून गार पाणी ओतावे तेव्हा तोटीतून तेवढेच गरम बाहेर पडते. गिझरही तसाच चालतो, तळाशी गार पाणी शिरते आणि वरचे तापलेले बाहेर ढकलते. म्हणून तोटी मोठी सोडली तर गार पाणी लवकर मिसळते आणि शेवटची बादली कोमट निघते. धार बारीक ठेवली की हाच गिझर जास्त पुरतो.

राहिला पंधरा की पंचवीस हा प्रश्न. दोन हजार वॅटची कॉइल एका बादलीजोगे पाणी चौदा मिनिटांत तापवते. आमच्याकडे न्हाणी एकच आहे आणि आई न्हाऊन बाहेर येऊन पुढचा आत जाईपर्यंत तेवढी मिनिटे सहज जातात. याचा अर्थ बादलीने आंघोळ करणाऱ्या पाच जणांच्या घराला पंधरा लिटरचाच गिझर पुरला असता, टाकी लहान म्हणून झिरपही कमी झाली असती आणि किंमतही. पंचवीस लिटर लागतात ते शॉवरसाठी किंवा दोन न्हाण्या एकाच गिझरवर असतील तर. वस्तू म्हणून मी या गिझरला पाचपैकी चार गुण देईन. दुकानदाराच्या सल्ल्याला दोन, आणि बसवणाऱ्याला काहीच नाही.