पाटी नसलेले दुकान आणि माझी एकवीस गिअरची सायकल

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या दर्शनी खणात सायकल दुरुस्तीचे हे दुकान आहे. त्याला पाटी नाही. आसपासचे सगळे त्याला ‘मामांचे दुकान’ एवढेच म्हणतात आणि पत्ता विचारला की दाराशी टांगलेल्या जुन्या टायरांकडे बोट दाखवतात. गेली दोन वर्षे माझी हायब्रिड सायकल मी येथेच आणत आहे आणि हे परीक्षण त्या दोन वर्षांच्या अनुभवावरून लिहीत आहे.

सायकल मात्र येथून घेतलेली नाही. ती शहरातल्या एका मोठ्या दालनातून १८,५०० रुपयांना घेतली. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सायकलवर बसायचे म्हणून मी रंग पाहिला, पुढचे तीन आणि मागचे सात गिअर मोजले आणि पैसे भरून मोकळा झालो. खोक्यातून अर्धवट जोडून येणारी सायकल विक्रेत्याने नीट जुळवून द्यायची असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. तिसऱ्याच रविवारी बोपदेव घाटाच्या चढावर मी सर्वांत हलका गिअर टाकला, तर चेन मोठ्या चक्रावरून पलीकडे घसरून आऱ्यांत अडकली आणि सायकल जागच्या जागी आडवी झाली. वेग पायी चालण्याइतकाच असल्यामुळे गुडघा खरचटण्यावर भागले. दालनात फोन केला तेव्हा सायकल आणून टाका, चार दिवसांनी कळवतो, असे उत्तर मिळाले.

मामांनी सायकल छताच्या आकड्यांना टांगली, पायडल हाताने फिरवले आणि कशालाही पाना न लावता एक डोळा मिटून मागून बराच वेळ पाहत राहिले. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर मागच्या चाकाजवळ ज्या कानाला बसवलेला असतो तो कान आत वळला आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. मला काही दिसेना. तेव्हा त्यांनी डिरेलर सोडवून बाजूला लोंबकळत ठेवला, कोपऱ्यातून गिअरच्या कुठल्याशा जुन्या सायकलचे मागचे चाक आणले आणि त्या चाकाचा आस कानाच्या भोकात फिरवून बसवला, कारण दोन्हींचे आटे १० मिलिमीटर व्यासाचे आणि एकाच मापाचे असतात. आता माझ्या सायकलला शेजारी शेजारी दोन मागची चाके झाली, आणि जी समांतर असायला हवी होती ती खाली एकमेकांना जवळजवळ टेकलेली व वर चांगली चार बोटे फाकलेली दिसू लागली. तेच जादा चाक तरफेसारखे धरून मामांनी कान दाबत दाबत सरळ केला, प्रत्येक वेळी चाक थोडे फिरवून अंतर बोटांनी पुन्हा मोजले आणि शेवटी डिरेलर परत लावून ‘एल’ अक्षराचा स्क्रू पाव वळसा आवळला, म्हणजे चेन आऱ्यांकडे जाण्याची वाट बंद झाली. या कामासाठी मिळणारे खास मापयंत्र त्यांच्याकडे नाही आणि त्यांना त्याची गरजही वाटत नाही. वेळ ३५ मिनिटे, मजुरी १५० रुपये.

चेनच्या बाबतीतही त्यांची पद्धत अशीच साधी आहे. नव्या चेनच्या बारा जोडकड्या (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक जोडकडी) बरोबर १२ इंच भरतात; त्या एक षोडशांश इंचाने वाढल्या की चेन बदलायची, आणि अष्टमांश इंचापर्यंत वाढू दिल्या तर तोवर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या जुडग्याचे, दातेही खाल्लेले असतात, मग नवी चेन टाकूनही ती दातांवरून उड्या मारते. मामा पोलादी फूटपट्टी लावून गिऱ्हाइकालाच वाचायला सांगतात. माझी चेन सव्वाचार हजार किलोमीटरनंतर षोडशांशाच्या किंचित पुढे गेली होती. ४५० रुपयांत नवी पडली आणि फ्रीव्हील वाचले. जुनी चेन त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मला परत दिली. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात देण्याची ही रीत मी दुसऱ्या कोणत्याही दुकानात पाहिलेली नाही.

येथे थांबून दुसऱ्यांची कामे पाहण्यातही बरेच शिकायला मिळते. एकदा एक मुलगा आजोबांच्या काळ्या सायकलसाठी टायर घेऊन आला होता; खोक्यावर २८ इंच लिहिले होते, सायकलही २८ इंची, पण टायर रिमवर चढेना. मामांनी टायरच्या कडेवरचा बारीक आकडा त्याला वाचायला लावला. तो ६२२ निघाला, म्हणजे माझ्या सायकलच्या ७०० बाय ३५ मापाचा. जुन्या दांडीच्या सायकलच्या २८ बाय दीड मापाला ६३५ मिलिमीटरचे रिम असते. १३ मिलिमीटरच्या त्या फरकावर पट्ट्या लावून जोर करणारे टायरची तार तरी तोडतात नाही तर ट्यूब तरी चिमटतात. ऑनलाइन टायर मागवणाऱ्यांनी इंचांकडे न पाहता हा तीन आकडी मजकूर पाहावा.

उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचे तेल बदलण्याचे काम मामा घेत नाहीत, बारीक व्हॉल्व्हची ट्यूब ठेवत नाहीत आणि पावती देत नाहीत. ‘उद्या या’ याचा अर्थ परवा धरावा. चेनला ते शिवणयंत्राचे तेल सढळ हाताने सोडतात आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकाच फेरीत त्याच्यावर धुळीचा काळा लगदा होतो, म्हणून तेल मी स्वतः घरी घालतो. चाकाचा आउट, म्हणजे फिरताना होणारी डुगडुग, मात्र त्यांनी काढावा: फिरत्या रिमजवळ खडू धरायचा, जेथे रेघ उठेल तेथील आरे पाव पाव फेऱ्याने सैल-घट्ट करायचे, आणि मध्येच आऱ्यांवर नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. मागच्या चाकाचे उजवीकडचे आरे डावीकडच्यांपेक्षा अधिक ताणलेले असल्याने त्यांचा आवाज चढा लागतो. माझा तुटलेला आराही त्याच बाजूचा होता. तो बदलायचा तर फ्रीव्हील उतरवावे लागते, म्हणून त्या कामाचे १२० रुपये मला जास्त वाटले नाहीत.

नवी सायकल मामा विकत नाहीत, पण कोणती घ्यावी हे विचारले तर विचारणाऱ्याला आधी उभे करून मांड्यांमध्ये दांडी किती येते ते पाहतात. भाच्यासाठी मी पसंत केलेली सायकल त्यांनी फोटोवरूनच मोडीत काढली, कारण एवढ्या किमतीत दिलेला डिस्क ब्रेक वर्षभरात कुरकुरेल आणि त्यापेक्षा रबरी पॅडचे व्ही-ब्रेक स्वस्त व कोठेही दुरुस्त होणारे, असे त्यांचे मत. मला ते थोडे जुन्या वळणाचे वाटते. पावसाळ्यात ओल्या रिमवर व्ही-ब्रेक किती उशिरा धरतो हे मी कात्रजच्या उतारावर अनुभवले आहे. भाच्याने अखेर डिस्क ब्रेकवालीच घेतली, आणि मामांनी ती विनातक्रार जुळवून दिली.

दुकान सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८ उघडे असते, सोमवारी बंद. माझ्या मागच्या चाकाच्या मधल्या हबचे छर्रे आता बदलायला झाले आहेत, परंतु त्यासाठी दसऱ्यानंतरच यायला सांगितले आहे: खंडेनवमीला पाने, पक्कड आणि ती पोलादी फूटपट्टी पाटावर मांडून पुजलेली असते आणि त्या दिवशी दुकानात कोणी हत्यार हातात घेत नाही.