१९५० ची शेवरोले ३१०० पिकअप, १/२५: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

प्लास्टिक गाडीचे सुटे भाग असलेला किट हातात आल्याबरोबर लिहिलेली परीक्षणं बहुतेक खोक्याचीच असतात. प्लास्टिक मॉडेल कसं आहे ते कळतं क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर, पूर्ण वाळल्यावर, टायर रिमवर काही महिने बसल्यावर आणि आपल्याकडचा एक दमट पावसाळा अंगावरून गेल्यावर. माझी गाडी (१/२५, म्हणजे खरीच्या पंचविसाव्या भागाएवढी) उन्हाळ्याच्या तोंडावर पुरी झाली. आता दिवाळीची साफसफाई चालू आहे, ती कपाटातून खाली उतरली आहे, म्हणून लिहून टाकतो.

जनरल मोटर्सने १९४७ मध्ये 'अ‍ॅडव्हान्स डिझाइन' नावाने ट्रकची नवी मालिका आणली आणि ती १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालवली. ३१०० ही त्यातली अर्ध्या टनाची. फुगीर मडगार्ड, आडव्या पट्ट्यांची जाळी, मागे लाकडी तळाचा हौदा. खऱ्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ११६ इंच, म्हणजे १/२५ मध्ये साधारण ११८ मिलिमीटर. मुंबईकरांसाठी जाता जाता: जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ पासून शिवडीला होता, त्यामुळे जुन्या शेवरोले ट्रकच्या आठवणी आपल्याकडच्या घरांतही निघतात.

किट जुन्या अमेरिकन साच्यातला आहे. कॅब एका तुकड्यात, प्रमाण अचूक, छताचा बाक अगदी जमलेला. चॅसी मात्र किंचित पिळलेली निघाली. काचेवर ठेवली की एक कोपरा वर. गरम पाण्यात धरून सरळ होते, पण इंजिन आणि पाटे चिकटवण्याआधी हे करायचं, नंतर चार चाकं एकदम टेकत नाहीत. मडगार्डच्या मधोमध साच्याची रेघ जाते. ती पॉलिश पेपरने घासून काढावीच लागते, कारण या गाडीचं सगळं सौंदर्य त्या फुगीरपणात आहे आणि चकचकीत रंगाखाली ती रेघ दुप्पट उठून दिसते. बॉनेटची पुढची फट दोन्हीकडे सारखी नाही. ती मी थोडी पुट्टी भरून, बरीचशी घासून जुळवली.

माझं या किटबद्दलचं मुख्य म्हणणं असं, की यात सुटे भाग विकत आणून घालण्यात पैसे घालवू नका, पृष्ठभागावर घालवा. पिकअपला मोठे, उघडे, गोल पृष्ठभाग असतात, लपायला जागा नसते. आणि रंगाचा थर मापात राहिला पाहिजे. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून पाव मिलिमीटर झालं, तर खऱ्या गाडीवर ते सव्वासहा मिलिमीटर होतं. दाराच्या फटी बुजतात, फाळक्यावरची 'शेवरोले' ही उठावाची अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गुळगुळीत होतात. म्हणून प्रायमरच्या आधीच दाराच्या रेघा स्क्राइबरने (रेघ कोरायच्या टोकदार हत्याराने) खोल करून घेतल्या.

रंग फॉरेस्टर ग्रीन, त्या काळचा या ट्रकचा नेहमीचा कारखानी हिरवा. मेटॅलिक हिरवा घेण्याचा मोह टाळा. १९५० च्या कामाच्या ट्रकवर चमचमणारे कण नव्हते. मी मिस्टर सरफेसर १५०० या बारीक प्रायमरचा पातळ हात मारून त्यावर तामियाचे एलपी लॅकर मिसळून हिरवा केला. लॅकर दमट हवेत मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं पाणी जमतं आणि रंग पांढुरका पडतो. कोकणपट्टीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उपाय दोन: सकाळऐवजी दुपारी, ऊन चढल्यावर फवारणे, आणि सावकाश उडणारा थिनर वापरणे. मिस्टर लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) असतो, त्याने रंग सपाटही बसतो. परदेशातून स्प्रे कॅन विमानाने येत नाहीत, त्यामुळे एअरब्रशशिवाय हा छंद आपल्याकडे अर्धवटच राहतो, हेही खरं.

क्लिअर मी गाड्यांच्या पेंटवाल्याकडचं टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचं दोन भागांचं, वापरलं. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं, साधा कापडी मास्क त्याला चालत नाही. कार्ट्रिजवाला मास्क आणि उघडी गॅलरी, नाहीतर हात लावू नका. मग २००० पासून चढत्या नंबरच्या ओल्या पेपरने घासायचं आणि शेवटी कंपाउंड. मडगार्डच्या कडांवर क्लिअर सर्वांत पातळ असतं, घासताना तिथे मास्किंग टेपची पट्टी लावून ठेवली. सहा-सात महिन्यांनी आज पाहतो तर क्लिअर आकसलेलं नाही, पिवळं नाही, बोटाचा ठसा उमटत नाही. पूर्ण किटमधला सर्वांत फळलेला खर्च हाच.

क्रोमबद्दल थोडं भांडण आहे. किटमध्ये जाळी, बंपर, हेडलाइटच्या कडा सगळं झळझळीत क्रोममध्ये येतं. खऱ्या साध्या ३१०० ची जाळी रंगवलेली असे, क्रोमची जाळी हा डिलक्स कॅबचा थाट. पुढे कोरियन युद्धाच्या काळात क्रोमची टंचाई आली तेव्हा डिलक्सवाल्यांनाही रंगवलेल्या जाळीवर भागवावं लागलं. मला शेतावर राबणारी गाडी हवी होती. म्हणून सगळा क्रोम घरातल्या ब्लीचमध्ये बुडवून काढला. (ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.) खाली राहतो तो वार्निशसारखा थर, तोही खरवडला, तेव्हा कुठे जाळीच्या पट्ट्यांच्या कडा नीट दिसू लागल्या. पट्ट्या गाडीच्या रंगात, आतली जाळी पांढरट. खोक्यावरच्या चित्रापेक्षा ही गाडी चारचौघांत जास्त खरी वाटते, असं माझं ठाम मत. हेडलाइटच्या कडा तेवढ्या मी क्रोमच्या शाईच्या पेनाने केल्या. पहिल्या दिवशी आरशासारख्या होत्या, पण जिथे बोट लागलं तिथे आता करड्या झाल्या आहेत. दाराच्या कड्यांना बेअर-मेटल फॉइल (मॉडेलवर चिकटवायचा धातूचा अतिपातळ पत्रा) लावलं होतं, ते जसंच्या तसं आहे. पुढच्या वेळी सगळीकडे फॉइलच.

इंजिन म्हणजे प्रसिद्ध 'स्टोव्हबोल्ट', २१६ घन इंचांचं सरळ सहा सिलिंडरचं. ते करड्या रंगाचं असतं. इंटरनेटवर बघाल तर निम्म्या लोकांनी नारिंगी मारलेलं दिसेल, पण तो नंतरच्या शेवरोले इंजिनांचा रंग. प्लगच्या वायर पातळ तारेच्या केल्या, १-५-३-६-२-४ या क्रमाने लावल्या. बॉनेट उघडलं तरच दिसतात आणि बॉनेट फारसं कुणी उघडत नाही. तरी लावल्या.

कॅबच्या आत एक गोष्ट खास. १९४९ पासून या ट्रकची पेट्रोल टाकी सीटमागे कॅबमध्येच आली, आणि टाकीचं तोंड उजव्या दारामागे कॅबच्या अंगावर दिसतं. जुन्या मॉडेलांत ते तोंड चपटं, नुसती खूण म्हणून असतं. प्लास्टिकच्या गोल काडीचा तुकडा लावून टोपी नवी केली, पाच मिनिटांचं काम आणि गाडी ओळखणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. १९५० च्या दाराला त्रिकोणी हवेची काच नसते, ती १९५१ ला आली. किटमध्ये हे बरोबर आहे.

हौद्याचा तळ हा सर्वांत वादाचा भाग. साच्यात लाकडाच्या रेषा इतक्या खोल कोरल्या आहेत की मापात धरल्या तर त्या पाच मिलिमीटर खोल ठरतील. लाकूड म्हणजे नांगरलेलं शेतच. ४०० च्या पेपरने जवळजवळ सपाट करून मग बारीक रेषा ओढल्या. वार्निश मारलेलं झगझगीत लाकूड आणि मधे चमकत्या स्टीलच्या पट्ट्या ही आजच्या हौशी मालकांची आवड आहे, कारखान्यातून लाकूड रंगवून निघायचं. मी काळपट तपकिरी मारून, जिथे पोती ओढली जातील तिथेच रंग उडालेला दाखवला. गंज मुळीच नाही. आजकाल जुनी पिकअप म्हटली की लोक ती भंगारातून काढल्यासारखी गंजवतात, ते मला पटत नाही. १९५० साली ती नवी होती.

पावसाळ्याने दिलेला एकच झटका: मागच्या कोपऱ्याची काच सुटली. काचा मी पांढऱ्या गोंदाने लावल्या होत्या, कारण सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होते. तो गोंद पाण्यात विरघळणारा, ऑगस्टमधल्या दमटपणात मऊ पडला. आता दोन भागांचा पारदर्शक इपॉक्सी वापरला आहे, वाफ नाही आणि पकडही पक्की. टायरचा धोका आधीच टाळला होता. व्हिनाइलच्या टायरमधलं तेलकट द्रव्य काही महिन्यांनी पॉलिस्टायरीनचं रिम खातं, म्हणून रिमला दोन हात क्लिअर आणि टायरच्या आत फॉइलची पट्टी. काल एक टायर काढून पाहिला, रिम स्वच्छ आहे.

धुळीला मात्र काही इलाज नाही. बोर्ड बनवणाऱ्या दुकानातून अ‍ॅक्रिलिकची पेटी करून घ्या, तयार पेटीपेक्षा स्वस्त पडते. ब्रशने झटकत बसलात तर आरसे आणि वायपर तुटणार.

पाचपैकी साडेतीन. पहिलाच किट असेल तर हा घेऊ नका, रंग मारायची सवय नसली तर मडगार्डवर हिरमोड होईल. दोन-तीन गाड्या बांधल्या असतील आणि घरात एअरब्रश असेल तर जरूर घ्या, पण किटच्या किमतीएवढेच पैसे प्रायमर, क्लिअर आणि फॉइलसाठी बाजूला काढून मगच ऑर्डर करा.