वारज्याचा फ्लॅट आणि रेडिंगची स्टँप ड्यूटी

स्टँप ड्यूटीसाठी ७,५०० पौंड बाजूला काढून ठेवले होते. भरले ३५,०००. मधले २७,५०० पौंड म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळपास ३२ लाख रुपये, आणि ते नऊ दिवसांत उभे करायचे होते. इंग्लंडमध्ये घर बघत असाल आणि भारतातल्या एखाद्या फ्लॅटच्या करारनाम्यावर तुमचं नाव असेल, तर पुढचं वाचाच.

मी २०१९ मध्ये पुण्याहून इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात आलो. सहा वर्षं भाड्याच्या घरांत काढली आणि २०२५ मध्ये साडेचार लाख पौंडांचं तीन बेडरूमचं घर पसंत पडलं. कर्जासाठी ब्रोकर गाठला तो ओळखीतलाच. गणपतीत आरतीला पुढे उभा राहून झांजा वाजवणारा, ‘आपल्या माणसाकडून फी काय घ्यायची’ म्हणणारा. बँक त्याला कमिशन देते आणि त्यानेच सुचवलेला सॉलिसिटरही, म्हणजे खरेदीची कागदपत्रं करणारा वकीलही देतो, हे बारीक अक्षरांत होतं. ते मी नंतर वाचलं.

पहिल्याच फोनवर तो म्हणाला, “इथलं पहिलंच घर ना? मग तुम्ही फर्स्ट टाइम बायर. पहिल्या ३ लाखांवर शून्य, उरलेल्या दीड लाखावर ५ टक्के. साडेसात हजार झाले. विषय संपला.”

हिशेब बरोबर होता, फक्त ‘इथलं’ हा शब्द चुकला होता. ही सवलत ज्याच्या मालकीचं जगात कुठेही कधीच घर नव्हतं, त्यालाच मिळते. आमचा पुण्यात, वारज्यात टू बीएचके आहे. २०१५ मध्ये बाबांनी आणि मी मिळून घेतलेला, निम्मा माझ्या नावावर. बाबांना वयामुळे एकट्याला कर्ज मिळेना म्हणून मी सहकर्जदार झालो. हप्ते माझ्या खात्यातून जातात, आयकरातली सूटही मीच घेत होतो. म्हणजे ‘नावापुरतंच नाव आहे हो’ असं म्हणायचीही सोय नव्हती.

सवलत गेली एवढ्यावर थांबलं असतं तर नेहमीच्या दराने १२,५०० पौंडांत भागलं असतं. पण दुसरं घर असणाऱ्याला वाढीव दर लागतो, आणि हे ‘दुसरं’ मोजताना पुणंही धरतात. २०१६ मध्ये हा कर आला तेव्हा तो ३ टक्के होता, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के झाला. आणि हे ५ टक्के पहिल्या पौंडापासून, पूर्ण किमतीवर. साडेचार लाखांचे २२,५००. परदेशातल्या घरातला तुमचा हिस्सा ४०,००० पौंडांच्या खाली असेल तर तो धरत नाहीत. वारज्याच्या फ्लॅटची किंमत आज सव्वा कोटीच्या आसपास, माझा निम्मा हिस्सा ५०,००० पौंडांच्या वर. ज्या भाववाढीवर बाबा सोसायटीच्या कट्ट्यावर खूश असतात, तिनेच मला गाठलं.

हे कळलं ते सॉलिसिटरच्या ऑफिसातल्या एका मुलीच्या फोनवरून. एक्स्चेंज झालं होतं, म्हणजे खरेदीचा करार पक्का झाला होता, ४५,००० पौंडांचं डिपॉझिट गेलं होतं, ताब्याला नऊ दिवस उरले होते. ती स्टँप ड्यूटीच्या रिटर्नसाठी सहज खात्री करून घेत होती, “जगात कुठेही दुसरं घर नाही ना?” मी म्हटलं, “पुण्यात आहे.” पलीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, “तुमच्या फॉर्मवर तर ‘नाही’ लिहिलंय.”

तो फॉर्म ब्रोकरने भरला होता. ‘तुम्हाला कशाला त्रास’ म्हणत, माझ्याच लॉगिनने. मी न वाचता पुढे ढकलला, ही चूक माझी आणि ती मी नाकारत नाही. पण त्याच माणसाने कर्जाच्या अर्जात माझ्या मासिक देण्यांमध्ये ‘भारतातील गृहकर्जाचा हप्ता’ अशी ओळ स्वतः टाकली होती. माझ्याकडे दोन्ही कागद आहेत. एकात पुण्याचा हप्ता, दुसऱ्यात पुण्याचं घरच नाही. याला मी विसरभोळेपणा म्हणणार नाही. व्यवहार लांबला तर त्याचं कमिशन लांबतं, एवढंच मला दिसतं.

फोन केला तर म्हणाला, “अहो, ‘नाही’च राहू द्या. पुण्यातलं इथे कोण बघतंय?” रिटर्नखाली सही माझी, दंड मला. मी नाही म्हटल्यावर दुसरी युक्ती, वहिनींच्या एकटीच्या नावावर घ्या. तेही चालत नाही. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला या करासाठी एकच धरतात.

खरं दुखतं ते पुढचं. ताब्याच्या दिवसाअखेर फ्लॅट माझ्या नावावर नसता, तर २२,५०० वाचले असते, अगदी कायदेशीरपणे. तीन महिने आधी कळतं तर बाबांच्या नावे हिस्सा करून दिला असता. पण त्यासाठी पुण्याच्या बँकेची एनओसी हवी, इथून साक्षांकित करून पाठवलेलं कुलमुखत्यारपत्र हवं, मग नोंदणी. नऊ दिवसांत यातलं काय होणार? मागे फिरावं तर ४५,००० बुडणार. बाबांनी एफडी मोडल्या. त्यांनी पाठवलेल्या पैशांतल्या १० लाखांवरच्या रकमेवर बँकेने २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला. तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण त्या आठवड्यात त्याचा काय उपयोग? उरलेले दोन मित्रांकडून.

आता फ्लॅट विकून वाढीव कराचा परतावा मागावा म्हटलं, तर घर घेण्याआधीच्या तीन वर्षांत ते माझं राहतं घर असायला हवं होतं. मी पुणं सोडलं २०१९ मध्ये.

जखमेवर मीठ म्हणून काही आठवड्यांनी एका कंपनीचं पत्र आलं. विक्रीच्या नोंदी इथे उघड असतात, त्यातूनच माझं नाव काढलं असणार. ‘तुम्ही जास्त स्टँप ड्यूटी भरली आहे, आम्ही परत मिळवून देतो, मिळाल्यास ३० टक्के आमचे.’ मोरीत ओल आहे, वायरिंग जुनं आहे, म्हणून घर राहण्यालायक नव्हतं असं दाखवायचं आणि कमी दराने कर मागायचा, अशी त्यांची शक्कल. दुरुस्ती हवी म्हणून घर ‘घर’ राहत नाही, हा युक्तिवाद अपील न्यायालयाने २०२५ मध्येच फेटाळलाय, आणि अशा एजंटांपासून सावध राहा असं कर खातंही सांगतंय. परतावा आला आणि नंतर दावा खोटा ठरला, तर मूळ रक्कम व्याजासह तुमच्याकडून वसूल होते. एजंटाचे ३० टक्के तेव्हा त्याच्या खिशात गेलेले असतात. पत्र फाडलं.

भारतात बसून इथे फ्लॅट घेणाऱ्यांनी वर आणखी २ टक्के धरावेत, अनिवासी म्हणून. पुण्यात स्वतःचा फ्लॅट असलेल्याला इथल्या २ लाखांच्या फ्लॅटवर एकूण १५,५०० पौंड होतात. स्कॉटलंड आणि वेल्सचे कर वेगळे, तिथला हिशेब तिथे विचारा, आणि ब्रोकरला नको. ब्रोकरच्या प्रत्येक ईमेलखाली ‘आम्ही करसल्ला देत नाही’ असं छापलेलं असतं. माझ्या तक्रारीला त्याने तेच वाक्य चिकटवून उत्तर दिलं. साडेसात हजारांचं बोलणं सगळं फोनवरचं, लेखी एक अक्षर नाही.

धाकटी बहीण आता नोकरीसाठी मँचेस्टरला निघाली आहे. परवा बाबांचा फोन आला. बराच वेळ सोसायटीच्या पाण्याबद्दल बोलले, मग म्हणाले, “फ्लॅटवर हिचंही नाव घालून टाकणार होतो रे. घालू का नको?”